पणजीत हवामान सप्ताह भरवायचा असेल तर

विचारणा अशी आहे: "आम्ही पणजी आणि आसपासचे काही जण आहोत. शिक्षक, विद्यार्थी, दोघे वास्तुरचनाकार. हवामान बदलावरची कृती आणि शाश्वत जगणे या विषयावर शहरभर आठवडाभर जाहीर कार्यक्रम करायचे मनात आहे. परदेशातल्या अशा सप्ताहांत शेकडो कार्यक्रम होतात. आमच्याकडे पैसा थोडा आणि अनुभवही थोडाच. कधी करावा, कोणाला बोलवावे, आणि सप्ताह संपल्यावर काही शिल्लक राहावे यासाठी काय करावे?"

शेवटचा प्रश्न पहिला घ्या. काय शिल्लक राहायला हवे हे ठरले की तारीख, पाहुणे, पैसा यांची निम्मी उत्तरे त्यातूनच निघतात. गोव्यात पर्यावरणाच्या जाहीर कार्यक्रमांची आखणी करण्यात माझी बरीच वर्षे गेली आहेत. ज्या कार्यक्रमामागे "अमुक खात्याने अमुक तारखेपर्यंत अमुक काम करावे" अशी नेमकी मागणी होती, त्याचाच माग पुढे राहिला. म्हणून पहिल्या बैठकीत कार्यक्रमांची यादी करायला बसू नका. पुढच्या पावसाळ्यापूर्वी पणजीत काय बदललेले दिसायला हवे, अशा दोन-तीन गोष्टी कागदावर लिहा आणि त्या पालिकेच्या, पंचायतीच्या किंवा एखाद्या खात्याच्या हातात आहेत ना, हे तपासा. ज्या मागणीला उत्तर देणारे कार्यालय नाही, ती पहिल्या वर्षी बाजूला ठेवा.

परदेशी सप्ताहांतून काय घ्यायचे तेही सांगतो. न्यूयॉर्कचा हवामान सप्ताह २००९ पासून दर सप्टेंबरात, संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेच्या सुमारास भरतो. लंडनचा २०१९ मध्ये सुरू झाला. दोन्ही ठिकाणी मध्यवर्ती संस्था बहुतेक कार्यक्रम स्वतः करत नाही. ती तारखा जाहीर करते, सहभागाच्या अटी ठरवते आणि एकच वेळापत्रक सांभाळते. कार्यक्रम मात्र विद्यापीठे, कंपन्या आणि वस्त्यांतल्या संस्था आपापल्या जागेत, आपापल्या खर्चाने करतात. थोड्या पैशांत शहरभर पोचायचे असेल तर याहून चांगली रीत मला माहीत नाही. पणजी महानगरपालिकेचे ३० प्रभाग आहेत. त्यांतल्या निम्म्या प्रभागांत एकेक यजमान मिळाला, म्हणजे देवळाची समिती, चर्चमधला गट, एखादे महिला मंडळ, शाळेची पालक संघटना, तर तुम्हाला फक्त धागा धरून बसायचे आहे.

त्या सप्ताहांचा दुसरा भाग, म्हणजे गुंतवणूकदारांच्या आणि कंपनीप्रमुखांच्या परिषदा, तो घेऊ नका. गोव्याला परिषदांची उणीव नाही. जुलै २०२३ मध्ये जी-२० ची ऊर्जा संक्रमणावरची मंत्रिस्तरीय बैठक इथे झाली, फेब्रुवारी २०२४ मध्ये बेतूलला भारत ऊर्जा सप्ताह भरला. त्यांचे काम वेगळे आहे. पणजीतल्या मळा या सखल वस्तीत ज्या बाईच्या उंबऱ्यावरून पावसाचे पाणी आत येते, तिला तिथे बोलायला जागा नसते. तुमचा सप्ताह तिच्यासाठी आहे.

आता तारीख. पाच जूनचा, म्हणजे जागतिक पर्यावरण दिनाचा, मोह टाळा. त्या दिवशी प्रत्येक कार्यालय रोपे लावत असते, आणि पाऊस इतका जवळ आलेला असतो की नाल्यांबद्दल काही सांगितले तरी त्या वर्षी कोणी काही करू शकत नाही. नोव्हेंबरात इफ्फी हा चित्रपट महोत्सव, डिसेंबरात सेरेंडिपिटी कला महोत्सव आणि जुन्या गोव्याचे फेस्त, मग नाताळ आणि पर्यटकांची झुंबड. या काळात सभागृह मिळणार नाही, पोलीस मिळणार नाहीत, वर्तमानपत्रांत जागाही मिळणार नाही. मी जानेवारीचा दुसरा पंधरवडा निवडेन, कार्निवलच्या आधी. कारण हवेचे नाही, अंदाजपत्रकाचे आहे. पालिकेचे पुढच्या वर्षाचे अंदाजपत्रक मार्चअखेरपर्यंत ठरते, राज्याचेही त्याच सुमारास येते आणि मान्सूनपूर्व कामांची आखणी त्यानंतर लगेच. जानेवारीत मागणी नोंदली गेली तर तिला अंदाजपत्रकात खर्चाचे शीर्ष मिळू शकते, पैसा मिळू शकतो. जानेवारीत पंचायतींच्या ग्रामसभाही असतात, आणि त्या तुम्हाला हव्यात. ताळगाव, सांताक्रूझ, मेरशी, चिंबल, पर्वरी हे भाग पालिकेच्या हद्दीबाहेर आहेत, पण सांतिनेजचा नाला ताळगावच्या बाजूनेच शहरात येतो. पाण्याला हद्द माहीत नाही, तेव्हा सप्ताहालाही ती नको.

पंधरवड्यातला आठवडा कुठला, तो पंचांग उघडून ठरवा. अमावास्या किंवा पौर्णिमा ज्यात येते तो. कारण तुमचा सर्वांत महत्त्वाचा कार्यक्रम उधाणाच्या भरतीला व्हायला हवा.

हे नीट सांगायला हवे, कारण पणजीच्या हवामान प्रश्नाचे मूळ इथे आहे. मळा, फोंतेन्यासचा खालचा भाग, सांतिनेज, १८ जून रस्त्याचा परिसर हा सगळा सखल भाग आहे. त्यातला पुष्कळसा दलदल आणि शेते भरून उभा राहिला. आल्तिन्होच्या टेकडीवर पाऊस पडला की पाणी उतारावरून झपाट्याने खाली येते. ते गटारांतून सांतिनेजच्या नाल्यात किंवा रुआ द ओरेमच्या खाडीत जायचे आणि तिथून मांडवीत. पण उधाणाच्या दिवसांत मांडवीच्या मुखाशी भरती आणि सुकतीत सुमारे दोन मीटरचा फरक पडतो. भरती चढलेली असते तेव्हा नदीची पातळी गटाराच्या तोंडाच्या वर येते. गटारातले पाणी बाहेर पडत नाही, उलट नदीचे पाणी आत शिरू पाहते. मुसळधार पाऊस नेमका त्याच दोन-तीन तासांत आला की १८ जून रस्ता तुंबतो. सुकती लागल्यावर उतरतो.

म्हणजे समुद्राची पातळी वाढण्याचा पणजीतला पहिला परिणाम मिरामारच्या वाळूवर शोधू नका. तो गटारांत दिसेल. गटारे रिकामी व्हायला दिवसातून दोनदा जो वेळ मिळतो, तो कमी कमी होत जाईल. त्यात पाऊस थोड्या तासांत जास्त पडू लागला आणि टेकड्यांवरची माती-झाडे जाऊन तिथे काँक्रीट आले, तर तिन्ही गोष्टी एकमेकींवर चढतात. हे ज्याला कळले त्याला हवामान बदल म्हणजे काय हे वेगळे शिकवावे लागत नाही.

त्यासाठी भरतीची फेरी काढा. मुरगाव बंदराचे भरती-सुकतीचे कोष्टक घ्या, मांडवीच्या मुखाशी वेळ थोडीच मागेपुढे होते. नाल्यांची आणि मोठ्या गटारांची जी तोंडे नदीत उघडतात, त्या प्रत्येकाशी एक छोटा गट भरतीच्या वेळी उभा करा. हातात मोजपट्टी, पाण्याची पातळी भिंतीवर खडूने नोंदवायची. सुमारे सहा तासांनी सुकतीला तोच गट परत त्याच जागी. तोंडाला झडप आहे का, ती हलते का, गाळ किती, प्लास्टिक अडकले आहे का, तेही लिहायचे. त्याच संध्याकाळी मळ्यातल्या आणि सांतिनेजच्या जुन्या रहिवाशांना बोलवून त्यांच्या घराच्या भिंतीवर पुराचे पाणी कुठवर आले होते ते दाखवायला सांगा, आणि मुलांकडून नकाशावर उतरवून घ्या. लोक हे आवडीने सांगतात, कारण आजवर त्यांना कोणी विचारलेले नसते. हा नकाशा सप्ताहातच पालिकेच्या अभियंत्याच्या हातात द्या, पोचपावती घेऊन. जानेवारीत गटारात पावसाचे पाणी नसते, तेव्हा आत जे दिसते ते नदीचे असते, आणि दोष उघडे पडतात.

त्याला जोडून दुसरा कार्यक्रम खाजनांचा. गोव्यात सुमारे १८ हजार हेक्टर खाजन जमीन आहे. भरतीच्या पातळीपेक्षा खालची शेते, भोवती मातीचे बांध आणि बांधात मानस. मानशीचे लाकडी दार भरतीच्या रेट्याने आपोआप बंद होते आणि सुकतीला आतल्या पाण्याच्या दाबाने उघडते. खारे पाणी बाहेर, पावसाचे पाणी नदीत, आणि मानशीपाशी जाळे लावून मासळी. पणजीच्या गटारांना आज ज्या झडपा हव्या आहेत, त्यांचे शास्त्र शेजारच्या शेतांत शतकानुशतके चालत आले आहे. रायबंदरहून फेरीबोटीने चोडणला जा किंवा जुन्या गोव्याहून दिवाडीला. बांधावर उभे राहून मानस चालताना पाहणे हाच कार्यक्रम, व्यासपीठ नको.

मात्र तिथे फक्त कौतुक करून परतू नका. खाजनांची आजची अवस्था अवघड आहे. बांधांची निगा पूर्वी गावकारी, म्हणजे गावाची सामुदायिक संस्था, राखत असे, मुक्तीनंतर ती कुळांच्या संघटनांकडे आली. पुष्कळ ठिकाणी शेती परवडेनाशी झाली आणि बांध फुटला तर बांधायला माणूस राहिला नाही. काही ठिकाणी मासळीच्या उत्पन्नासाठी खारे पाणी मुद्दाम आत घेतले जाते. एकदा मीठ आले की कोरगुटासारखे खारे पाणी सोसणारे भातही हळूहळू हरते, मग शेतात खारफुटी उगवते आणि ती तोडायला कायद्याची मनाई. शेतकरी म्हणतो माझे शेत गेले, पर्यावरणवाला म्हणतो खारफुटी किनारा राखते. दोघांचेही खरे आहे. या दोघांना एकाच बांधावर समोरासमोर बसवणे हे तुमच्या सप्ताहातले सर्वांत मोलाचे काम ठरेल, आणि सर्वांत कठीणही. चर्चा चालवायला दोन्ही बाजूंचा विश्वास असलेला गावातला माणूस शोधा. तो मिळेपर्यंत हा कार्यक्रम जाहीर करू नका.

उन्हाचा विषय जानेवारीत काढायला विचित्र वाटेल, पण काढा. ९ आणि १० मार्च २०२३ ला गोव्यातल्या शाळा उष्म्यामुळे दुपारी १२ च्या आत सोडाव्या लागल्या, आणि त्याच दिवसांत म्हादई अभयारण्यात वणवे पेटलेले होते. किनारपट्टीवर हवामान खाते कमाल तापमान ३७ अंशांवर आणि सरासरीच्या साडेचार अंश वर गेले की उष्णतेची लाट मानते. मैदानी भागात तोच उंबरठा ४० आहे. आपल्याकडे हवेत ओल असते, घाम वाळत नाही, म्हणून नागपूरचे ४० आणि पणजीचे ३६ यांची तुलना करून आपण सुखी आहोत असे समजू नये. दुपारी बाराला कांपालच्या मोठ्या झाडांखाली आणि पाटोच्या काँक्रीटवर जमिनीचे तापमान मोजा. फरक जानेवारीतही डोळ्यांत भरतो. मग कोणाला सावली नाही याची यादी करा: मोटारसायकल टॅक्सी चालवणाऱ्या पायलटांचे थांबे, कदंब बस स्थानकाबाहेरचे गाडे, बाजाराबाहेर उघड्यावर बसणाऱ्या भाजीवाल्या आणि मासळीवाल्या, बांधकामावरचे मजूर. त्यांनाच विचारा कुठे छप्पर हवे, कुठे पाणी हवे. ही यादी फेब्रुवारीत पालिकेला मिळाली तर मार्चपूर्वी काही होऊ शकते.

कचऱ्यावर व्याख्याने ठेवू नका. पणजीत कचरा सोळा प्रकारांत वेगळा करण्याची व्यवस्था उभी राहिलेली आहे, साळगावचा प्रकल्प २०१६ पासून चालतो आहे. लोकांना ओला-सुका कळतो. त्याऐवजी सकाळी घरोघरी येणाऱ्या पालिका कामगारांना एक संध्याकाळ द्या आणि कुठल्या गोष्टी अजून चुकीच्या डब्यात येतात, कुठल्या सोसायट्या आणि हॉटेले ऐकत नाहीत हे त्यांच्याच तोंडून शहराला ऐकवा. त्यांना त्या दिवसाची मजुरी द्यायला विसरू नका. यजमानांसाठी अटी थोडक्यात ठेवा: फ्लेक्स नाही, बाटलीबंद पाणी नाही, ताटे स्टीलची किंवा पत्रावळीची, जेवण जवळच्या महिला गटाचे. खतखते, सोलकढी, आगशीची वांगी असे इथले, त्या ऋतूतले जेवण असले की दुसरे प्रदर्शन लागत नाही.

वाहतुकीबाबत एकच गोष्ट. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत गोव्यातल्या सुमारे ४५ टक्के घरांत मोटार आढळली, देशात सर्वांत जास्त. तेव्हा लोक गाडी काढूनच येतील असे धरून चाला आणि कार्यक्रम अशा जागी ठेवा की गाडी आणण्याची गरज पडू नये: कदंब स्थानकापासून चालत, बेतीच्या फेरीजवळ, किंवा त्या त्या वाड्यातच. कार्यक्रम रात्री शेवटची बस सुटण्याआधी संपवा.

शास्त्रज्ञ मिळणे गोव्यात सोपे आहे. दोना पावलाची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था १९६६ पासूनची, वास्कोचे ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र १९९८ चे, जुन्या गोव्याला किनारी शेतीची केंद्रीय संस्था, शिवाय गोवा विद्यापीठ. त्यांना तासाभराचे सादरीकरण मागू नका. एकच आलेख मागा, इथला: मांडवीचा, मुरगावच्या भरतीचा, पणजीच्या पावसाचा. बोलणे कोकणीत किंवा मराठीत, वीस मिनिटे, आणि मग लोकांचे प्रश्न. पाऊस मिलिमीटरांत सांगितला तर इंचांतही सांगायला लावा, कारण आपल्या वर्तमानपत्रांनी लोकांच्या डोक्यात इंच बसवले आहेत.

कलाकारांनाही लवकर विचारा. दशावतारी मंडळी, तियात्र हे कोकणी नाटक करणारे तियात्रकार, घुमट या मातीच्या वाद्यावर आरत्या म्हणणारी पथके, कीर्तनकार यांना आठ दिवस आधी फोन करून "पर्यावरणावर काहीतरी करा" म्हणणे हा त्यांचा अवमान आहे. दोन महिने द्या, एकदा बांधावर घेऊन जा, मानधन द्या. घुमटाचेच पाहा. पूर्वी त्याला घोरपडीचे कातडे लागे. वन्यजीव कायद्याने ते बंद झाले, आज बकऱ्याचे लागते आणि आरत्या तितक्याच रंगतात. परंपरा बदलू शकते हे घुमटवाल्याने सांगितलेले लोक अधिक मानतात.

आता वादाचे विषय. पुष्कळ संयोजक ते टाळतात आणि त्यामुळे गोंयकार त्यांच्याकडे पाठ फिरवतात. मोलेच्या अभयारण्यातून जाणारे रेल्वे, महामार्ग आणि वीजवाहिनीचे तीन प्रकल्प २०२० पासून लोकांनी रस्त्यावर आणि न्यायालयात लढवले. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रेल्वे दुपदरीकरणाची वन्यजीव मंडळाकडून मिळालेली मंजुरी रद्द केली. म्हादईचे, म्हणजे मांडवीच्या वरच्या प्रवाहाचे, पाणी वळवण्याचा प्रश्न लवादाच्या २०१८ च्या निवाड्यानंतरही संपलेला नाही, आणि मांडवीत भरती मुखापासून सुमारे ५० किलोमीटर वर, गांज्यापर्यंत जाणवते. वरून गोडे पाणी कमी आले तर खारे पाणी आणखी आत येणार, हे सरळ आहे. नगरनियोजन कायद्यातल्या १७(२) आणि ३९अ या कलमांवरून डोंगर आणि शेते रूपांतरित होण्याचा वाद चालू आहे. डोंगर कापला आणि खाजन भरले तर वर सांगितलेले पणजीचे गणित बिघडते. हे विषय वगळून हवामान सप्ताह करता येत नाही. एक संध्याकाळ त्यांना द्या, सरकारी बाजू मांडायला अधिकाऱ्याला लेखी निमंत्रण द्या आणि तो आला नाही तरी त्याची खुर्ची आणि वेळ राखून ठेवा.

पैशाचा प्रश्न इथेच सुटतो किंवा अडतो. ज्याचा एखादा प्रकल्प पर्यावरणाच्या कारणावरून न्यायालयात आहे किंवा गावाच्या विरोधात उभा आहे, त्याचा पैसा घेऊ नका, रक्कम कितीही मोठी असो. हा नियम आधीच लिहून जाहीर करा, म्हणजे नकार देताना कोणा एकाला वाईटपणा येत नाही. वर सांगितलेल्या रचनेत तुमचा स्वतःचा खर्च थोडाच राहतो: छपाई, एक पूर्णवेळ समन्वयक तीन-चार महिने, कलाकारांचे मानधन, कामगारांची मजुरी, मोजण्याची साधने. हे स्थानिक दुकानदार, सहकारी पतसंस्था आणि व्यक्तींच्या देणग्यांतून उभे राहू शकते. जमाखर्च सप्ताहाच्या शेवटच्या दिवशीच लोकांसमोर ठेवा.

हिशेब मात्र गर्दीचा ठेवू नका. प्रत्येक यजमानाकडून एक ओळ लिहून घ्या: कोणाकडे, कोणती मागणी, कोणत्या तारखेपर्यंत. अशा पंधरा ओळी एका पानावर मावतात. ते पान महापौर, पालिका आयुक्त, संबंधित सरपंच आणि खातेप्रमुख यांना द्या, वर्तमानपत्रांना द्या आणि ३१ मेला तेच पान शेवटच्या रकान्यात "झाले" किंवा "झाले नाही" लिहून पुन्हा छापा. उत्तर मिळाले नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज. पंधरांतली चार कामे झाली तरी पहिल्या वर्षासाठी मी समाधानी असेन, आणि पुढच्या वर्षी यजमान शोधत फिरावे लागणार नाही.

सुरुवात ऑगस्ट-सप्टेंबरात करा, चवथ, म्हणजे गणेशोत्सव, संपल्यावर. आधी मळा, सांतिनेज आणि ताळगावातले तीन यजमान पक्के करा, मग पालिकेकडे जा, मग शास्त्रज्ञांकडे. रस्ते, उद्याने आणि ध्वनिक्षेपक यांचे परवाने डिसेंबरपूर्वी हातात हवेत, कारण त्या महिन्यात कार्यालयांत माणूस भेटणे कठीण असते. भरतीचे कोष्टक जानेवारीचे मिळाले की फेरीची वेळ ठरवा आणि बाकीचे वेळापत्रक तिच्याभोवती लावा.